दात आणि हाडांचे खनिजीभवन: अध्यापन-संचाच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

दंतवैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षासाठी दात आणि हाडांच्या खनिजीभवनावर सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडांचा एक संच आणि प्रत्येक स्लाइडसोबत मराठीतले सविस्तर टिपण, असे काम विभागाने हाती घेतले आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झालेले असते. इंग्रजी संज्ञा ती पाठ करतात, परीक्षेत बिनचूक उतरवतात, पण दाताच्या कापात दिसणारी एखादी रेघ नेमकी कशामुळे उमटली असे विचारले की गप्प बसतात. ती रेघ त्यांना वाचता यावी यासाठी हा संच आहे.

मांडणी कुठून सुरू करावी यावर विभागप्रमुख मॅडमशी आज बराच वेळ चर्चा झाली. पाठ्यपुस्तके सहसा असे सांगतात की रक्तातील कॅल्शियम आणि फॉस्फेट कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांवर साचतात आणि त्यातून हाड तयार होते. हे विधान खोटे नाही, पण त्याखाली खरा प्रश्न झाकला जातो. रक्तद्रवात प्रतिलिटर सुमारे अडीच मिलिमोल कॅल्शियम आणि सुमारे एक मिलिमोल फॉस्फेट असते, सामू ७.४ असतो, आणि या परिस्थितीत तो द्रव हायड्रॉक्सिॲपटाइट या हाडा-दातांतल्या खनिजाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असतो. म्हणजे खनिज तयार होण्याइतका माल शरीराच्या कानाकोपऱ्यात कायम हजर असतो. मग धमन्या, स्नायू आणि त्वचा दगडासारख्या का होत नाहीत? खनिजीभवन समजून घ्यायचे तर ते हाडात कसे होते याच्या आधी ते इतरत्र का होत नाही हे विचारले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि संचाचा क्रम त्याप्रमाणे लावण्यास मॅडमनी संमती दिली.

११ जुलै

स्लाइडांच्या आधी वर्गात जे प्रात्यक्षिक दाखवायचे आहे ते आज करून पाहिले. सौम्य बफर घातलेल्या कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम फॉस्फेटचे द्रावण ओतले की क्षणात पांढरा, फुगीर साका तयार होतो. हा साका अजून ॲपटाइटचा नसतो. त्यातील कणांना स्फटिकाची शिस्तबद्ध रचना आलेली नसते, म्हणून त्याला अस्फटिकी कॅल्शियम फॉस्फेट म्हणतात. ईन्स, पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ही मधली अवस्था दाखवून दिली होती.

चंचुपात्र ढवळत ठेवून सामू-मापकाकडे पाहत बसले. काही वेळ आकडा जवळजवळ हलला नाही. मग तो घसरू लागला, आधी सावकाश आणि नंतर भरभर, आणि शेवटी खालच्या पातळीवर स्थिरावला. अस्फटिकी साक्याचे ॲपटाइटमध्ये रूपांतर होताना हायड्रॉक्सिल आयन स्फटिकात ओढले जातात आणि फॉस्फेटकडचे प्रोटॉन द्रावणात सुटतात, त्यामुळे आम्लता वाढते. डोळ्यांना साका होता तसाच पांढरा दिसतो, पण आत काय चालले आहे ते मापक सांगतो. विद्यार्थ्यांनी ही घसरण स्वतः पाहिलीच पाहिजे, कारण खनिज घडवणाऱ्या प्रत्येक पेशीपुढे आम्लाचा निचरा करण्याचे काम का उभे राहते हे त्यावरून आपोआप कळते.

दुसऱ्या चंचुपात्रात तीच द्रावणे घेतली, पण आधी चिमूटभर सोडियम पायरोफॉस्फेट विरघळवले. इथे आकडा संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही. दोन फॉस्फेट एकमेकांना जोडून बनलेला हा लहानसा आयन स्फटिकाच्या वाढत्या पृष्ठभागाला चिकटतो आणि पुढच्या आयनांना तिथे बसू देत नाही. पाण्याच्या नळ्यांत क्षार धरू नये म्हणून उद्योगांत असे पदार्थ वापरले जात असत. हर्बर्ट फ्लाइश यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी दाखवले की हाच पदार्थ माणसाच्या रक्तात आणि लघवीत नैसर्गिकपणे असतो आणि अत्यल्प प्रमाणातही खनिज बनण्यास अटकाव करतो. हाडे ठिसूळ होण्याच्या विकारावर आज दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधे याच शोधातून पुढे आली.

दोन्ही पात्रे शेजारी ठेवून वर्गात दाखवायची, असे ठरले.

१६ जुलै

कोंबडीच्या मांडीची हाडे आणि माणसाचे काढलेले काही दात विखनिजीकरणासाठी, म्हणजे त्यांतले खनिज काढून टाकण्यासाठी, ईडीटीएच्या द्रावणात घातले. नायट्रिक आम्लाने हे काम लवकर उरकते, परंतु त्यात कोलॅजन फुगते आणि पेशींवर रंग नीट चढत नाही. ईडीटीए उदासीन सामूवर एकेक कॅल्शियम आयन पकडून बाहेर काढते, त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि तरीही आमच्या कामाला तेच योग्य आहे. द्रावण दर आठवड्याला बदलायचे.

सोबतच्या टिपणात रचनेचे आकडे घातले. वजनाने पाहिले तर हाडात सुमारे ६५ टक्के, डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या मुख्य भागात, सुमारे ७० टक्के आणि एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या दंतवल्कात, सुमारे ९६ टक्के खनिज असते. हाड आणि डेंटिन यांतला सेंद्रिय भाग मुख्यतः पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचा असतो. त्याचा एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब असतो, आणि हे रेणू शेजारी-शेजारी पण ६७ नॅनोमीटरच्या टप्प्याने पुढे-मागे सरकून रचलेले असतात, त्यामुळे एका रेणूचे टोक आणि त्याच रांगेतल्या पुढच्या रेणूचा आरंभ यांच्यात सुमारे ४० नॅनोमीटरची फट राहते. हॉज आणि पेट्रुस्का यांनी १९६३ मध्ये ही मांडणी सुचवली. हाडातले पहिले स्फटिक या फटींत धरतात आणि पुढे धाग्याच्या लांबीने वाढतात. त्यांची जाडी अवघी दोन ते चार नॅनोमीटर असते. एनॅमलमध्ये कोलॅजन मुळीच नसते. दात म्हणजे हाडाचाच एक प्रकार ही समजूत विद्यार्थ्यांच्या मनात फार घट्ट असते, आणि ती मोडायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

२३ जुलै

आज बकऱ्याचे जबडे मिळाले. खाटकाकडे आधीच सांगून ठेवले होते की कोवळ्या जनावराचा खालचा जबडा हवा, ज्यात मागच्या दाढा अजून हिरडीबाहेर आलेल्या नसतील. जबड्याच्या बाहेरच्या बाजूचे हाड करवतीने काळजीपूर्वक उतरवले तेव्हा आतल्या पोकळीत, पातळ पारदर्शक पिशवीत गुंडाळलेली, न उगवलेली दाढ दिसली.

पिशवी चिमट्याने सोलून दाढ बाहेर काढली आणि भिंगाखाली ठेवली. एकाच दाढेवर खनिजीभवनाच्या सगळ्या अवस्था वरून खाली ओळीने मांडलेल्या होत्या. टोकांवरचे एनॅमल कठीण झाले होते. तिथे स्काल्पेलचे पाते नुसते घसरले. मधल्या पट्ट्यात पाते थोडे रुतले आणि पांढरी भुकटी निघाली. अगदी खाली, जिथे नवे एनॅमल नुकतेच घातले जात होते, तिथला थर खरवसाइतका मऊ होता. पाते टेकवले तेवढ्यानेच तो निघून आला. नंतर दाढ टिपकागदाने पुसून थोडा वेळ हवेवर ठेवली, तेव्हा मधला पट्टा अपारदर्शक, खडूसारखा पांढरा झाला आणि खालचा थर अर्धपारदर्शकच राहिला. मधल्या पट्ट्यातील प्रथिने आणि पाणी निघून चालले आहे, पण त्यांची जागा खनिजाने अजून पूर्ण भरलेली नाही. वाळल्यावर त्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा शिरते आणि प्रकाश विखुरतो, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. किडीच्या पहिल्या अवस्थेत दातावर जो पांढरा डाग दिसतो तो वाळवल्यावर अधिक स्पष्ट होतो, त्याचेही कारण हेच आहे, आणि पुढे रुग्ण तपासताना हे विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल.

यामागची प्रक्रिया टिपणात सविस्तर लिहिली. एनॅमल घडवणाऱ्या पेशींना ॲमेलोब्लास्ट म्हणतात. पहिल्या टप्प्यात त्या मुख्यतः ॲमेलोजेनिन नावाचे प्रथिन बाहेर टाकतात आणि त्या प्रथिनात अत्यंत पातळ, लांबच लांब फितींसारखे स्फटिक एकमेकांना समांतर धरतात. या अवस्थेत वजनाने जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा खनिज असते. एनॅमलची पूर्ण जाडी घातली गेली की त्याच पेशी आपले रूप आणि काम दोन्ही बदलतात. आधी घातलेली प्रथिने विकरांनी तोडायची, तुकडे शोषून घ्यायचे, कॅल्शियम आणि फॉस्फेट आत सोडायचे, आणि स्फटिक जाड होताना सुटणारे आम्ल बायकार्बोनेटने शमवायचे, असा हा दुसरा टप्पा असतो. ११ तारखेला चंचुपात्रात दिसलेली सामूची घसरण एनॅमलमध्ये थांबवली नाही तर स्फटिकांची वाढच अडते. प्रथिने तोडणाऱ्या विकरांपैकी एमएमपी-२० पहिल्या टप्प्यात आणि केएलके-४ दुसऱ्या टप्प्यात काम करते, आणि दोहोंपैकी कोणत्याही एकाच्या जनुकात बिघाड झाला तरी एनॅमल मऊ आणि पिवळट राहते.

दात उगवताना ॲमेलोब्लास्टचा थर नष्ट होतो. त्यानंतर त्या दातावर नवे एनॅमल घालणारी एकही पेशी माणसाच्या आयुष्यात उरत नाही, आणि असलेले एनॅमल परत शोषून घेण्याची सोयही शरीराकडे नसते. गरोदरपणी बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेते असे बाह्यरुग्ण विभागात आजही अनेक स्त्रिया सांगतात, आणि दात दुखण्याचे खापर गरोदरपणावर फोडून उपचार लांबवतात. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून आणि कमी पडले तर तिच्या हाडांतून येते. दातांतून येत नाही. हिरड्यांची सूज, वारंवार खाणे आणि उलट्यांतले आम्ल ही त्या काळात दात बिघडण्याची खरी कारणे आहेत. हे वाक्य टिपणात चौकटीत घालावे असे मी सुचवले आहे.

३० जुलै

काढलेले दात घासून काप करण्याचे काम सुरू केले. ईडीटीएत ठेवलेल्या दाताचे एनॅमल विरघळून जाते आणि कापात त्याच्या जागी नुसती मोकळी जागा दिसते. एनॅमल पाहायचे तर विखनिजीकरण न करता दात घासूनच पातळ करावा लागतो. आमचे तंत्रज्ञ हे काम वर्षानुवर्षे करत आले आहेत. आधी हिऱ्याच्या चकतीने उभा काप, मग काचेवर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी, शेवटी बारीक दगड. काप मधूनमधून प्रकाशात धरून पाहायचा आणि खालची छापील अक्षरे त्यातून वाचता येऊ लागली की थांबायचे.

६ ऑगस्ट

पहिल्या कायम दाढेचा काप उत्तम आला आहे. चाळीसपट मोठे करून पाहिले तेव्हा एनॅमलमध्ये तपकिरी रेघा तिरप्या ओळींत दिसल्या. या रेट्झियसच्या रेघा; आंडर्स रेट्झियस या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन १८३७ मध्ये केले. चारशेपट मोठे केले की एनॅमलच्या प्रत्येक दांड्यावर आडवे बारीक पट्टे दिसतात, आणि दोन पट्ट्यांमधले अंतर साधारण चार मायक्रोमीटर असते. ॲमेलोब्लास्ट चोवीस तासांत तेवढे एनॅमल घालते. म्हणजे एकेक पट्टा एकेका दिवसाचा आहे. दोन रेट्झियस रेघांमध्ये बहुतेक माणसांत सात ते नऊ दैनिक पट्टे सापडतात, आणि एका माणसाच्या सगळ्या कायम दातांत ही संख्या एकच असते. हा आठवड्याभराचा ताल कशातून येतो यावर अजून संशोधन चालू आहे, आणि मला व्यक्तिशः या विषयातला हा सर्वांत देखणा प्रश्न वाटतो.

याच कापात, दाढेच्या टोकाजवळ, बाकी रेघांपेक्षा ठळक अशी एक रेघ आहे. ती जन्मरेषा. पहिल्या कायम दाढेचे खनिजीभवन जन्माच्या सुमारास सुरू होते, दुधाच्या दातांचे तर गर्भातच, आणि प्रसूतीनंतर आईच्या रक्तावर चाललेला पुरवठा तुटून स्वतःच्या आहारावर शरीर येईपर्यंत जो ताण पडतो त्याची खूण त्या दिवसांत घातल्या जाणाऱ्या एनॅमलमध्ये राहते. अर्भक जन्मानंतर काही दिवस जगले होते किंवा नाही हे ठरवायला न्यायवैद्यक तज्ज्ञ या रेषेचा आधार घेतात. स्लाइडवर तिच्याशेजारी शाईचा बारीक ठिपका दिला, म्हणजे शोधताना विद्यार्थ्यांचा वेळ जाणार नाही.

१३ ऑगस्ट

ईडीटीएतले कोंबडीचे हाड आता हव्या त्या बाजूला वाकते, आकार मात्र जसाच्या तसा आहे. दुसरे एक हाड भट्टीत जाळून ठेवले. त्याचाही आकार टिकला आहे, पण बोटाने दाबले की चुरा होतो. दोन्ही एका ट्रेमध्ये वर्गासाठी.

२२ ऑगस्ट

फॉन कोसा पद्धतीचे काप आज पूर्ण झाले, आणि या संचातली सर्वांत बोलकी स्लाइड हीच होणार असे दिसते. बकऱ्याच्या कोवळ्या जबड्याचे हाड विखनिजीकरण न करता रेझिनमध्ये बसवून पातळ काप काढले होते. त्यांवर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घालून तेजस्वी प्रकाशात ठेवले की चांदीचे आयन खनिजातील फॉस्फेटशी जोडले जातात आणि प्रकाशाने काळे पडतात; उरलेली चांदी थायोसल्फेटने धुऊन काढायची. ही पद्धत १९०१ सालची आहे आणि ती कॅल्शियम रंगवत नाही, फॉस्फेट रंगवते. विद्यार्थी हे नेहमी उलटे सांगतात. कॅल्शियमला पकडणारा रंग अलिझरिन रेड, आणि त्याचा इतिहासही टिपणात थोडक्यात घातला आहे, कारण अलिझरिन ज्या मंजिष्ठवर्गीय वनस्पतीच्या मुळांत असते ती खाल्लेल्या डुकरांची हाडे लाल झालेली जॉन बेल्चियर या लंडनच्या शल्यविशारदाने १७३६ मध्ये नोंदवली, आणि हाड हे जिवंतपणी सतत नवे खनिज घेत असते हे त्यानंतरच्या अशाच प्रयोगांतून सिद्ध होत गेले.

कापात काळ्या हाडाच्या कडेने गुलाबी रंगाची एक अरुंद पट्टी दिसते आणि तिच्यावर हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींची रांग असते. ती पट्टी ऑस्टिऑइडची, म्हणजे घातलेल्या पण अजून खनिज न धरलेल्या कोलॅजनची. माणसात नवे कोलॅजन घातल्यावर ते खनिज धरण्यास योग्य होईपर्यंत साधारण दहा-पंधरा दिवस जातात. डेंटिनच्या आतल्या कडेलाही अशीच पट्टी आयुष्यभर असते. विद्यार्थ्यांनी या काळ्या-गुलाबी सीमेवर थांबावे, असे मला मनापासून वाटते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना तेच कोलॅजन, तोच द्रव, तेच कॅल्शियम. तरी एक बाजू दगड झालेली आणि दुसरी मऊ.

सीमेवर काय घडते याची पहिली मोठी खूण १९६७ मध्ये सापडली. अमेरिकेत क्लार्क अँडरसन आणि इटलीत एर्मान्नो बोनुच्ची यांनी वाढत्या हाडाच्या कूर्चेत, पेशींपासून सुटलेल्या, साधारण १०० नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्म पिशव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि पहिले स्फटिक त्यांच्या आत दिसले. या पिशव्यांच्या आवरणावर अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर मोठ्या प्रमाणात असते. त्याच विकराकडे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्येच बोट दाखवले होते. त्यांचा तर्क असा होता की हे विकर सेंद्रिय संयुगांतून फॉस्फेट मोकळे करते आणि त्यामुळे त्या ठिकाणी फॉस्फेट वाढून खनिज धरते. पुढे कळले की त्याचे अधिक महत्त्वाचे काम पायरोफॉस्फेट तोडण्याचे आहे. अटकाव करणारा पदार्थ त्या जागेपुरता नाहीसा होतो आणि त्याच्या तुकड्यांतून फॉस्फेटही मिळते.

मुडदूस झालेल्या मुलाच्या हाडात ही गुलाबी पट्टी कित्येक पट रुंद होते. ड जीवनसत्त्वाच्या अभावी आतड्यांतून कॅल्शियम आणि फॉस्फेट पुरेसे शोषले जात नाही, पेशी कोलॅजन घालत राहतात, खनिज मात्र धरत नाही, आणि वाढणारी हाडे शरीराच्या भाराखाली वाकतात.

३० ऑगस्ट

अटकाव करणाऱ्या पदार्थांवरचे टिपण आज पुरे केले. त्याला स्लाइड नाही, तरी मी त्यासाठी पूर्ण पान मागून घेतले.

१९९७ मध्ये जेरार्ड कार्सेंटी यांच्या प्रयोगशाळेने मॅट्रिक्स ग्ला प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. हे प्रथिन धमन्यांच्या भिंतीत आणि कूर्चेत असते आणि के जीवनसत्त्वावर अवलंबून असते. त्या उंदरांच्या धमन्या खनिजाने कडक झाल्या, महाधमनी फुटून ते दोन महिन्यांच्या आत मेले. काहीही नवे घातले नव्हते, फक्त एक अडसर काढला होता. त्याच प्रयोगशाळेने २००५ मध्ये दुसरी बाजू दाखवली: त्वचेत कोलॅजन असतेच, तिथे अल्कलाइन फॉस्फेटेज तयार होईल अशी योजना केली तेव्हा उंदराच्या त्वचेतही खनिज धरले. एकाच पेशीसमूहातून धागेदार कोलॅजन आणि पायरोफॉस्फेट तोडणारे विकर अशा दोन्ही गोष्टी मिळणे ही हाडाची आणि दाताची खासियत आहे. यांतली एकेकटी गोष्ट शरीरात इतर अनेक ठिकाणी सापडते.

तोंडाचेच उदाहरण घ्यावे असे मॅडमनी सुचवले आणि ते फार योग्य ठरले. लाळ कॅल्शियम फॉस्फेटने अतिसंपृक्त असते आणि त्यामुळेच एनॅमलमधून किरकोळ आम्लाने निघून गेलेले खनिज काही अंशी परत भरते. पण स्टॅथरिन नावाचे लाळेतले लहान प्रथिन मोकळ्या लाळेत किंवा दाताच्या पृष्ठभागावर बेसुमार खनिज वाढू देत नाही. दातांवर साचलेल्या जिवाणूंच्या थरात हा बंदोबस्त कमी पडतो आणि तिथे टार्टर, म्हणजे खनिजाचा कठीण थर, धरतो. टार्टर धरू नये म्हणून बाजारात मिळणाऱ्या टूथपेस्टमध्ये पायरोफॉस्फेट घातलेले असते. डब्यावरची घटकांची यादी वाचून विद्यार्थ्यांनी ते स्वतः शोधावे.

१२ सप्टेंबर

फ्लोरोसिसच्या, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे बिघडलेल्या, दातांचे काप पाहिले. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते, कारण खोलवरचे पाणी फ्लोराइडयुक्त खनिजे असलेल्या खडकांत दीर्घकाळ राहिलेले असते. विदर्भातील महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला असे दात पुढे रोज पाहावे लागणार आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराइड प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

आरपार येणाऱ्या प्रकाशात कापाचा वरचा पृष्ठभाग पातळ आणि स्वच्छ दिसतो, पण त्याच्या लगेच खाली काळसर, रुंद पट्टा आहे. तो पट्टा सच्छिद्र आहे. दाढेच्या मधल्या भागात २३ जुलैला जी अर्धवट अवस्था पाहिली तिच्यातच हे एनॅमल कायमचे अडकले: जास्त फ्लोराइड असताना ॲमेलोजेनिन वेळेवर बाहेर पडत नाही आणि स्फटिक पुरेसे जाड होत नाहीत. दात उगवताना असे एनॅमल पांढरे, खडूसारखे असते. तपकिरी डाग नंतर, तोंडातील रंगद्रव्ये त्या छिद्रांत मुरून येतात. म्हणूनच ब्रश कितीही जोरात घासला तरी ते जात नाहीत, आणि मूल अस्वच्छ आहे म्हणून त्याला बोल लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वरच्या मधल्या कायम दातांसाठी धोक्याचा काळ साधारण पहिल्या तीन वर्षांचा असतो. दाताचा मुकुट, म्हणजे हिरडीबाहेरचा भाग, घडून पूर्ण झाल्यावर फ्लोराइडने त्याला फ्लोरोसिस होत नाही; हाडांचे मात्र तसे नाही, ती आयुष्यभर घडत-मोडत राहतात, त्यामुळे वर्षानुवर्षे असे पाणी प्यायलेल्या प्रौढांत हाडे दाट होतात, अस्थिबंधांत खनिज धरते आणि पाठीचा कणा ताठ होतो. भारतात याचे पहिले सविस्तर वर्णन १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून गावपातळीवर फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली आहे.

योग्य प्रमाणातील फ्लोराइड एनॅमलला आम्लापासून वाचवते हेही याच पानावर लिहिले. हायड्रॉक्सिॲपटाइट साधारण ५.५ सामूला विरघळू लागते, फ्लोरॲपटाइट त्याहून बऱ्याच आम्लधर्मी अवस्थेपर्यंत, सुमारे ४.५ पर्यंत, टिकते. दोन्ही गोष्टी शेजारी असल्या म्हणजे विद्यार्थी फ्लोराइडला सरसकट विष किंवा सरसकट औषध म्हणणार नाहीत.

२० सप्टेंबर

शेवटच्या पानाचा विषय हायपोफॉस्फेटेशिया. कॅनडातील रॅथबन यांनी १९४८ मध्ये या विकाराला नाव दिले. अल्कलाइन फॉस्फेटेजच्या जनुकात दोष असतो, पायरोफॉस्फेट तुटत नाही आणि कॅल्शियम, फॉस्फेट, ड जीवनसत्त्व सगळे पुरेसे असूनही खनिज धरत नाही. तीव्र स्वरूपात अर्भकाची हाडे मुडदुसासारखी मऊ राहतात. सौम्य स्वरूपात मात्र पहिली आणि कधीकधी एकमेव खूण दातांत दिसते.

संचासाठी दोन दुधाचे पटाशीचे दात शेजारी दाखवायचे आहेत. पहिला खरा, नेहमीप्रमाणे सहा-सात वर्षांच्या वयात पडलेला. त्याचे मूळ खालच्या कायम दाताच्या वाढीबरोबर शोषले गेले आहे आणि खाली खडबडीत खळगा तेवढा उरला आहे. दुसरे रेखाचित्र, कारण तसा दात आमच्या संग्रहात नाही: पाच वर्षांच्या आत, फारशी सूज किंवा वेदना नसताना पडलेला, आणि मूळ टोकापर्यंत शाबूत असलेला दात. मुळावरचे सिमेंटम हे खनिजाचे आवरण नीट न घडल्यामुळे दाताला जबड्याच्या हाडाशी बांधणाऱ्या धाग्यांना रुतायला जागाच मिळत नाही आणि अख्खा दात मुळासकट निसटतो. या विकराची उणीव भरून काढणारे ॲस्फोटेज अल्फा हे इंजेक्शन २०१५ मध्ये वापरासाठी मान्य झाले. ते दुर्मीळ आणि अत्यंत महाग आहे, तरी निदान वेळेवर झाले तर मुलाला सांभाळण्याची दिशा बदलते.

यात दंतवैद्याची जबाबदारी थोडी नाही, कारण असे मूल बहुधा आधी त्याच्याकडे येते. रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज मोजणे ही साधी, कुठेही होणारी तपासणी आहे. अडचण अशी की ही पातळी वाढली तर सगळे सावध होतात, कमी असली तर अहवाल बाजूला पडतो. शिवाय वाढत्या मुलाची सामान्य पातळी प्रौढापेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे प्रौढांच्या मर्यादेत बसणारा आकडा चार वर्षांच्या मुलासाठी चिंताजनक रीतीने कमी असू शकतो. म्हणून या पानावर वयानुसार मर्यादा पाहूनच अहवाल वाचावा, आणि शाबूत मुळाचा दुधाचा दात घेऊन आलेल्या पालकांना तो दात फेकून न देता बाळाच्या डॉक्टरांना दाखवण्यास सांगावे, अशा दोन सूचना ठळक अक्षरांत घातल्या आणि पान छपाईसाठी दिले.